सर्कशीचा विद्यार्थी

सर्कस पाहिली नाही असा माणूस या श्रोतृवर्गात शोधून सापडावयाचा नाही. पण सर्कशीची सकाळ पाहिलेले किती असतील? आम्ही ती एकदाच पाहिली. आमच्या गावाबाहेरच्या बाजारतळावर तंबू पडला होता आणि आम्ही दोघे-तिघे मित्र, शाळेला निघण्यापूर्वी हत्ती पाहावा म्हणून, कनातीच्या फटीला डोळा लावून उभे राहिलो होतो. हत्ती काही दिसला नाही. दिसली ती आदल्या रात्री चंदेरी पोशाखात झुल्यावरून झेपावलेली मुलगी. आता तिच्या अंगात विटका झगा होता, डोक्याला तेल चोपडलेले होते आणि ती उंचावरून जाळीत पडत होती. पडे, उठे, दोराच्या शिडीने वर जाई आणि पुन्हा पडे. खाली उभे असलेले एक प्रौढ गृहस्थ प्रत्येक वेळी एकच शब्द ओरडत. ती चुकून पडत नव्हती, पडण्याचा धडाच गिरवीत होती, हे आम्हांस पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. वयाने ती आमच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेल. तेवढ्यात शाळेची घंटा ऐकू आली आणि आम्ही पळालो. हिला शाळा नाही काय, हा प्रश्न त्या वयात आमच्या डोक्यात आला नाही.

आज त्याच प्रश्नाचा इतिहास मांडावयाचा आहे. सर्कशीच्या मालकांविषयी थोडेफार लिहिले गेले आहे, वाघ-सिंहांविषयीही; पण सर्कस शिकणाऱ्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तो कोठे शिकला, कोणापाशी शिकला, त्याचा दिवस कसा जाई? आणि शिकत असता तो विद्यार्थी होता की नोकर? हा शेवटचा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु भारतीय सर्कशीचे भवितव्य अखेर त्याच प्रश्नापाशी येऊन अडले, असे आमचे मत आहे.

प्रारंभ आपल्याच मुलखापासून करू. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे यांचा जन्म १८४० साली सांगलीजवळच्या अंकलखोपचा. तरुणपणी ते ग्वाल्हेरीस गेले आणि तेथे त्यांनी दोन गुरू केले. बाबासाहेब आपटे यांच्यापाशी अश्वविद्या आणि हद्दूखाँसाहेबांपाशी गाणे. या दोन विद्यांत आम्हांला वाटते तेवढे अंतर नसावे. दोन्हींत लय सांभाळावी लागते आणि दोन्हींत उस्तादाची मर्जी. गाण्याचे ऋण विष्णुपंत विसरले नाहीत. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनी पुढे आश्रय दिला, आपल्याबरोबर हिंडविले आणि त्यांचे गाणे लोकांपुढे आणले. सर्कशीच्या तंबूच्या सावलीत ख्याल गायकी जगावी, ही गोष्ट आपल्याकडेच घडू जाणे! असो.

घोड्याच्या शागिर्दाचे शिक्षण पाठीवर बसण्यापासून सुरू होत नाही. ते तबेल्यात सुरू होते. लीद काढणे, खरारा करणे, तोबरा बांधणे, खूर तपासणे. घोड्याने माणूस ओळखला म्हणजे मग स्वारी. स्वारी पक्की झाली म्हणजे पाठीवर गुडघे टेकणे आणि त्यानंतर उभे राहणे. उभे राहण्यासाठी पाठीला राळ चोळतात, की पाऊल घसरू नये. घोडा गोल रिंगणात एकसारख्या चालीने पळत असला पाहिजे, कारण त्या गोलाईमुळेच स्वाराला आतल्या बाजूस कलून तोल साधता येतो. लंडनला फिलिप ॲस्टलीने १७६८ पासून घोड्यांचे खेळ सुरू केले आणि अनुभवाने रिंगणाचा व्यास बेचाळीस फुटांवर स्थिर केला. आज जगभर सर्कशीचे रिंगण याच मापाचे असते. या बेचाळीस फुटांची आठवण श्रोत्यांनी ठेवावी. ती पुढे लागणार आहे.

१८७९ साली चियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. विष्णुपंत त्या वेळी कुरुंदवाडकरांच्या पदरी होते. हिंदुस्थानात स्वतःची सर्कस निघावयास अजून पुष्कळ अवकाश आहे, अशा अर्थाचे काही उद्गार चियारिनीने काढले आणि ते विष्णुपंतांना लागले, अशी हकीकत सांगतात. हकीकतीत तिखटमीठ किती हे सोडून द्या. २० मार्च १८८० रोजी विष्णुपंतांच्या ग्रँड इंडियन सर्कशीचा पहिला खेळ झाला, हे खरे.

आता अडचण पाहा. विष्णुपंतांना घोडा येत होता आणि तो ते दुसऱ्यास शिकवू शकत होते. परंतु लोकांना नुसता घोडा पुरत नव्हता. फ्रान्समधील तुलूझ गावच्या एका व्यायामशाळाचालकाचा मुलगा झ्यूल लेओतार याने १८५९ साली पॅरिसमध्ये झुल्यावरून झुल्यावर उडी घेऊन दाखविली होती. घरच्या पोहण्याच्या हौदावर झुले टांगून त्याने सराव केला होता, म्हणजे पडला तर पाण्यात. तेव्हापासून ज्या सर्कशीत उडता झुला नाही ती सर्कसच नव्हे, अशी प्रेक्षकांची समजूत झाली. झुल्यावर, दोरावर, आडव्या बारवर कामे करणारी माणसे आणावयाची कोठून? विष्णुपंतांच्या पत्नीने स्वतः झुल्यावर कामे केली. त्या काळी एका ब्राह्मण गृहिणीने हे करावे याला केवढे धैर्य लागले असेल! पण एका कुटुंबावर सर्कस चालत नाही.

महाराष्ट्रात शरीर कमावण्याची परंपरा नव्हती असे थोडेच आहे! बाळंभटदादा देवधरांनी उत्तर पेशवाईत मल्लखांबाला नवे रूप दिले होते आणि गावोगाव तालमी होत्या. मल्लखांबावरचा मुलगा बारवर लवकर तयार होतो, हे कोणीही वस्ताद सांगेल. तरीही मराठी तालमीने सर्कशीकडे शिक्षण म्हणून पाहिले नाही. तालमीत पोर घडे ते कुस्तीसाठी नाहीतर नुसत्या प्रकृतीसाठी. सर्कस ही पोटाची गोष्ट, आणि पोटासाठी कोलांट्या मारणे हे डोंबाऱ्याचे काम! हा शब्द कोणी उघड उच्चारला नसेल. मनात तो होता.

विष्णुपंतांना हवी ती माणसे सापडली ती दूर मलबारात. अरबी समुद्राच्या काठी तलश्शेरी हे बंदर आहे. इंग्रजी अमदानीत त्याला तेलिचेरी म्हणत. १८८७-८८ च्या सुमारास छत्र्यांची सर्कस तेथे गेली आणि कीलेरी कुञ्ञिकण्णन या शिक्षकांशी त्यांची गाठ पडली. कीलेरी बासेल मिशनच्या शाळेत व्यायाम शिकवीत, आणि मुळात ते कळरीत तयार झालेले. विष्णुपंतांनी त्यांना सुचविले, की तुम्ही मुले तयार करा, आमची सर्कस त्यांना काम देईल. त्या बोलण्यातून कीलेरींनी सर्कशीचे शिक्षण देण्यास आरंभ केला आणि १९०१ मध्ये तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीची रीतसर शाळा उभी केली. आपल्या देशातील या विद्येची ती पहिली शाळा होय.

कळरी म्हणजे मलबारची तालीम. जमीन खोदून तयार केलेला आयताकृती आखाडा. परंपरेप्रमाणे त्याची लांबी बेचाळीस फूट आणि रुंदी एकवीस. लंडनच्या रिंगणाचा व्यासही बेचाळीसच! हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करावयाचे नाही. मात्र कळरीतून रिंगणात जाणाऱ्या मुलाला जागा अपुरी पडली नसेल, एवढे म्हणावयास हरकत नाही. कळरीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांचा ओटा असतो. त्याला वंदन करून आत पाऊल टाकावयाचे. शिक्षणाचा क्रमही ठरलेला. आधी केवळ अंग वळविण्याचे धडे, मग लाकडी शस्त्रे, त्यानंतर धातूची. अंग तयार झाल्यावाचून हातात काहीही मिळत नाही. पावसाळ्यात तेल लावून अंग रगडण्याची पद्धत आहे. गुरू वर टांगलेला दोर धरून शिष्याच्या अंगावर पायांनी दाब देतो. पावसाच्या दमट हवेत सांधे मोकळे होतात, असे तिकडचे लोक मानतात.

हीच शिस्त कीलेरींनी सर्कशीला लावली, आणि त्यांचे खरे कर्तृत्व आम्हांस येथे दिसते. सर्कशीचा खेळ हा सुटा चमत्कार नसून पायरीपायरीने चढावयाची विद्या आहे, हे त्यांनी ओळखले. या विद्येच्या विद्यार्थ्याचा दिवस कोणत्याही देशात साधारण सारखाच जातो. तो पहाटे, पोट रिकामे असताना सुरू होतो. प्रथम अंग गरम करणे आणि सांधे सोडविणे. कमरेतून मागे वाकून हात जमिनीस लावणे, पाय फाकवून जमिनीवर बसणे. हे रोज आणि वर्षानुवर्षे. एक आठवडा सुटला तर अंग पुन्हा लाकूड होते. त्यानंतर हातांवर उभे राहणे. आम्हां-तुम्हांला हा पोरखेळ वाटतो, पण सर्कशीच्या शाळेत हीच बाराखडी आहे. आधी भिंतीच्या आधाराने, मग आधार सोडून, मग एका हातावर. तोल जातो तेव्हा तो बोटांनी सावरावयाचा, पाठीने नव्हे. ही गोष्ट मनगटाला समजावयास महिने लागतात.

मग कोलांटी. पुढची सोपी, मागची अवघड, कारण मागे काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि शरीर भितेच. शिक्षक येथे दोन्ही हातांनी काम करतो. एक हात मुलाच्या कमरेशी, दुसरा मांडीमागे. पुढच्या पायरीवर कमरेला पट्टा येतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोर, दोर वरच्या कप्पीतून खाली आणि त्याचे टोक शिक्षकाच्या मुठीत. मुलगा चुकला की दोर ताणावयाचा, म्हणजे मान वाचते. चांगला शिक्षक कोणता? जो दिवसेंदिवस दोर सैल धरीत जातो, आणि एके दिवशी तो मुळीच न धरता उभा राहतो, मुलाला कळू न देता. पट्टा सोडावयाची घाई झाली तर जन्माचे पंगुत्व, आणि फार उशीर झाला तर मुलाची भीती जात नाही. या एका निर्णयासाठी शिक्षकाला आपला विद्यार्थी आतून-बाहेरून ठाऊक असावा लागतो.

झुला सर्वांत शेवटी येतो, आणि तेथे पहिला धडा पडण्याचा. जाळीत पाठीवर पडावयाचे, हनुवटी छातीशी, हात आत. पायांवर किंवा डोक्यावर पडणाऱ्याला जाळीदेखील वाचवीत नाही. कनातीच्या फटीतून आम्ही पाहिली ती मुलगी हाच धडा गिरवीत होती. पडणे अंगवळणी पडले, की झोका. झोक्याचा एक नियम फार सुंदर आहे. लंबकाला वजन कळत नाही. त्याला फक्त लांबी कळते. बारा-तेरा फूट दोराचा झुला एका येरझारीस चार सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेतो, मग त्यावर दहा वर्षांचे पोर लोंबो की दोन मणांचा गडी. म्हणूनच समोरच्या झुल्यावर गुडघ्यांनी उलटा लटकलेला पकडणारा आणि इकडून झेपावणारा यांची गाठ हवेत पडू शकते. उडणाऱ्याने केव्हा सुटावयाचे ते पकडणारा सांगतो, कारण दोघांचे अंतर त्याला नीट दिसते. म्हणजे उडणाऱ्याची सारी विद्या अखेर दुसऱ्याच्या एका हाकेवर विश्वास ठेवण्यात आहे! हे पुस्तकाने येत नाही.

कीलेरींच्या शाळेतून केवढी माणसे निघाली! त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी १९०४ साली ग्रँड मलबार सर्कस काढली. ती फार टिकली नाही, परंतु वाट पडली. पुढे तलश्शेरीकरांच्या सर्कशी एकामागून एक निघाल्या. दोरावर कोलांट्या मारणारा एक शिष्य १९३० नंतर युरोप-अमेरिकेत ‘कण्णन बोंबायो’ या नावाने गाजला. तलश्शेरीच्या पोराने परदेशात मिरवावयास नाव घेतले ते आपल्या मुंबईचे. तेवढ्यावरच समाधान मानावयाचे असेल तर मानावे. १९३९ मध्ये कीलेरी वारले, आणि त्यांचे शिष्य एम. के. रामन यांनी शिकविण्याचे काम पुढे नेले.

आणि आमच्याकडे? मराठी सर्कशी पुष्कळ झाल्या. म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची, शेलारांची. नामांकित कलावंतही झाले. १९०२ साली पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे लहानपणीच मामांच्या म्हणजे शेलारांच्या सर्कशीत गेले, तंबूतच शिकले आणि १९४० साली अमेरिकेतील रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून उभे राहिले. हा पराक्रम लहान नव्हे. पण तो एका माणसाचा पराक्रम होता. आमच्याकडे शाळा म्हणजे तंबू आणि शिक्षक म्हणजे मालक किंवा मालकाचा नातलग. तंबूतल्या मुलाचा दिवस शाळेतल्या मुलासारखाच पहाटे सुरू होई. मात्र शाळेतले मूल सराव झाल्यावर विश्रांती घेई आणि तंबूतल्या मुलापुढे दिवसाचे खेळ उभे असत. रिंगण मोकळे मिळे ते सकाळी, म्हणून शिकणे सकाळी. दुपारपासून रात्रीपर्यंत तेच अंग तिकिटाला बांधलेले. जे काम लवकर टाळी मिळवी ते आधी शिकविले जाई, मग पाया कच्चा राहिला तरी चालेल. आणि मालक वारला किंवा कर्जात बुडाला, की शाळाही त्याच्याबरोबर बुडे. सर्कस मराठी माणसाने काढली आणि शाळा मल्याळी माणसाने काढली. पुढील पन्नास-साठ वर्षांत हिंदुस्थानभर सर्कशी उरल्या त्या बहुतेक शाळावाल्यांच्या. याचे सारे श्रेय शाळेलाच द्यावे असे नाही. सिनेमा आला, संस्थाने गेली, आश्रय तुटला. तथापि ही संकटे मलबारच्या सर्कशींवरही आलीच होती.

शाळा म्हणजे काय ते एका उदाहरणावरून कळेल. १९२४ साली तलश्शेरीजवळ जन्मलेले शंकरन लहानपणी कीलेरींपाशी शिकले. पुढे ते सैन्यात गेले. दुसरे महायुद्ध संपल्यावर परतले तेव्हा वीस-बावीस वर्षांचे होते, आणि पुन्हा रामन यांच्यापाशी विद्यार्थी म्हणून उभे राहिले. नंतर कलकत्त्यास जाऊन सर्कशीत आडव्या बारवर कामे केली. १९५१ साली त्यांनी एका भागीदाराबरोबर डबघाईस आलेली विजया सर्कस सहा हजार रुपयांस विकत घेतली, तिचे नाव जेमिनी ठेवले आणि १५ ऑगस्ट रोजी गुजरातेतील बिलिमोऱ्यास पहिला खेळ लावला. जेमिनी सर्कस आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. २०२३ साली हे गृहस्थ वारले तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते. मिशा फुटल्यावर पुन्हा गुरूपाशी जाता येते, कारण शाळा आपल्या जागी असते. तंबू मात्र पुढच्या गावी गेलेला असतो.

आता ज्या गोष्टीविषयी बोलणे अवघड आहे तिच्याकडे वळू. सर्कशी वाढल्या तशी मुले अधिक लागू लागली आणि ती सारी शाळेतून येईनात. दलाल गरिबांच्या दारी जाऊ लागले. नेपाळातून आणि आपल्याच देशातील दरिद्री जिल्ह्यांतून मुले-मुली कराराच्या कागदावर आईबापांचे अंगठे घेऊन आणली गेली. मारझोड, उपासमार आणि त्याहून वाईट प्रकारांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या, आणि १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामास ठेवण्यावर बंदी घालण्याचा आदेश शासनास दिला. हा आदेश योग्य होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. कला मरेल म्हणून मुलीला कोंडून ठेवावे, असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्याचे कारणच नाही.

पण २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. मुलाने चित्रपटात, दूरदर्शन-मालिकेत, जाहिरातीत किंवा क्रीडाप्रकारात भाग घेण्यास तीत अटींसह मोकळीक आहे. तेथेच ‘सर्कस वगळून’ असे शब्द आहेत. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीने जी मागची कोलांटी क्रीडासंकुलात मारली तर पदक आणि सिनेमात मारली तर मानधन, तीच रिंगणात मारली तर गुन्हा. कायद्याचा हेतू आम्हांला समजतो. तंबूने आपला विश्वास स्वतः गमावला होता. तरीसुद्धा विचारावेसे वाटते, की शाळा आणि तंबू यांत फरक करणे अगदीच अशक्य होते काय? मॉस्कोला १९२७ साली शासनाने सर्कशीची शाळा काढली, तेथे मुले कसरतीबरोबर भाषा आणि गणितही शिकत. कॅनडातील माँट्रिऑलला १९८१ मध्ये आणि फ्रान्समधील शालाँ येथे १९८५ मध्ये अशा संस्था निघाल्या. तेथे शरीरशास्त्र आणि नृत्य अभ्यासक्रमात आहे. आपल्याकडे बंदी आली आणि शाळा आली नाही. केरळ शासनाने २०१० साली तलश्शेरीस सर्कस अकादमी सुरू केली होती. ती फार वर्षे चालली नाही. ज्या गावाने देशाला कसरतपटू पुरविले, त्या गावातील आईबापच आता मुलांना सर्कशीत घालण्यास राजी नव्हते. त्यांना दोष कोण देणार?

अठराव्या वर्षी प्रथमच हातांवर उभा राहणारा तरुण उत्तम कसरतपटू होऊ शकतो काय? काही कामांत होतो. दोरावरचा तोल, चेंडू झेलण्याची कला, विदूषकाचे काम, यांना उशिरा आरंभ केला तरी चालतो. विदूषकाला तर थोडे जग पाहिलेले असणे उपयोगीच पडते. पण पाठ वळविण्याचे आणि उडत्या झुल्याचे काम लहानपणीच्या पायावाचून क्वचितच येते. म्हणून आजच्या भारतीय सर्कशीत झुल्यावर आणि बारवर परदेशी कलावंत दिसू लागले आहेत.

आज या सभागृहाकडे येत असता शेजारच्या व्यायामशाळेत आम्ही क्षणभर डोकावलो. पंधरा-वीस मुलेमुली मल्लखांबाभोवती होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी दोरीच्या मल्लखांबावर उलटी लटकून दोन्ही हात सोडून देत होती, आणि खाली उभ्या असलेल्या ताई मोठ्याने आकडे मोजीत होत्या. दारात आया गप्पा मारीत बसल्या होत्या. भिंतीशी शाळेची दप्तरे ओळीने ठेवलेली होती.